मूलबाळ नसलेल्या अरमानींची कंपनी आता कोणाची?

4 सप्टेंबर 2025 ला इटलीचे फॅशन डिझायनर जॉर्जो अरमानी गेले, वय 91. पहिले काही दिवस बातम्यांत रेड कार्पेट, हॉलिवूड, सूट, मिलान हेच सगळं चाललं होतं, आणि मग आठवड्याभरात मृत्युपत्र उघडलं आणि बिझनेसवाले लोक खडबडून जागे झाले. कारण परिस्थितीच तशी होती. मूलबाळ नाही, कंपनी शेअर बाजारात नाही, 2024 ची उलाढाल 230 कोटी युरोच्या घरात, आणि 99.9 टक्के मालकी या एका माणसाच्या नावावर. उरलेला 0.1 टक्का त्यांनीच 2016 साली काढलेल्या फाउंडेशनकडे. एवढ्या मोठ्या कंपनीचा मालक शेवटपर्यंत एकटाच असणं हे फॅशनच्या धंद्यात जवळपास कुठेच उरलेलं नाही.

मृत्युपत्राच्या बातम्या वाचताना नुसती मालकी, उपभोगाचा हक्क, मताधिकार, 15 टक्के, 54.9 टक्के असले शब्द आणि आकडे येतात आणि डोकं गरगरतं. पण अरमानींचं आयुष्य माहीत असेल तर हे आकडे आपोआप लागतात, कारण कंपनीचा ताबा दुसऱ्याच्या हातात जाऊ द्यायचा नाही ही एक गोष्ट त्यांनी पन्नास वर्षं धरून ठेवली होती आणि मृत्युपत्रातही तेच केलंय. म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

जन्म 11 जुलै 1934, उत्तर इटलीतलं पियाचेन्झा. घरची परिस्थिती साधारण, भावंडं तीन, मोठा भाऊ सेर्जो आणि धाकटी बहीण रोझाना. बालपण दुसऱ्या महायुद्धात गेलं, शहरावर बॉम्ब पडत होते. मुलांच्या हाती लागलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि छोटा जॉर्जो चांगलाच भाजला, कितीतरी दिवस हॉस्पिटलमध्ये होता. पुढे मिलानला मेडिकलला गेले, पण ते काही पूर्ण केलं नाही, मध्ये सैन्यातली सक्तीची नोकरी झाली आणि 1957 च्या सुमाराला मिलानच्या ला रिनाशेन्ते या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये कामाला लागले. काम काय, तर काचेमागची सजावट, आणि नंतर पुरुषांच्या कपड्यांची खरेदी-विक्री. फॅशनचं कॉलेज वगैरे काही नाही हं. गिऱ्हाईक कपडा हातात घेऊन काय बघतं, कशासाठी परत ठेवतं, हे त्यांनी काउंटरवर उभं राहून शिकलेलं. मला वाटतं पुढच्या सगळ्या आयुष्यात याचा उपयोग झाला, कारण त्यांचे कपडे कायम घालण्यासाठी असायचे, नुसते फोटोसाठी नाही.

1960 च्या दशकात नीनो चेरुत्ती यांनी त्यांना आपल्याकडे घेतलं, पुरुषांचे कपडे डिझाईन करायला. चेरुत्तींची स्वतःची कापड गिरणी होती, त्यामुळे लोकरीचं कापड कसं बनतं, कसं पडतं, कारखान्यात एकाच मापाचे शेकडो कोट कसे शिवले जातात हे सगळं तिथे हाताखालून गेलं. आणि याच दशकात भेटले सेर्जो गालेओत्ती. आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगचं काम करणारा तरुण मुलगा, अरमानींपेक्षा दहा-अकरा वर्षांनी लहान, आयुष्याचा जोडीदार आणि धंद्याचाही. दुसऱ्याकडे नोकरी कशाला करतोस, स्वतःचं काढ, असा लकडा गालेओत्तींनीच लावला. अरमानींनी आपली फोक्सवॅगन बीटल विकली आणि 24 जुलै 1975 ला दोघांनी कंपनी नोंदवली. तेव्हा अरमानी 41 वर्षांचे होते. फॅशनमध्ये या वयाला लोक प्रस्थापित तरी झालेले असतात नाहीतर विसरलेले.

आता त्या प्रसिद्ध जॅकेटबद्दल, कारण सगळा पैसा तिथून सुरू झाला. कोट कधी आतून बघितलाय? पारंपरिक कोटात वरचं कापड दिसतं तेवढं दिसतं, पण आत छातीपाशी घोड्याच्या केसांचा कडक कॅनव्हास असतो, खांद्यात पॅड असतात, आणि हे सगळं झाकायला अस्तर. त्यामुळे कोट ताठ उभा राहतो, आतला माणूस कसाही असो छाती भरदार दिसते आणि खांदे सरळ. अरमानींनी 1970 च्या दशकात हे आतलं सामान कमी करायला घेतलं, कॅनव्हास हलका केला किंवा काढूनच टाकला, पॅड पातळ केले, अस्तर कमी केलं, बटणं थोडी खाली आणली, खांद्याची रेघ उतरती केली, आणि कापड मऊ घेतलं जे अंगावर छान पडतं. झालं काय की कोट अंगावर शर्टासारखा बसायला लागला, माणूस चालला की कोटही हलतो. ऐकायला सोपं वाटतं पण करायला फार अवघड, कारण आतला आधार काढला की चूक लपवायला जागाच उरत नाही, शिवण जराशी ओढली गेली तरी वर सुरकुती दिसते, म्हणजे सगळं कटिंगमध्येच साधावं लागतं. रंगही तसेच, ग्रे आणि बेजच्या मधला एक रंग त्यांच्या नावाशीच जोडला गेला.

आणि हेच जॅकेट त्यांनी बायकांना दिलं. तो काळ असा की बायका मोठ्या संख्येनं ऑफिसात, बँकेत, कोर्टात येत होत्या आणि त्यांच्यासाठी कामाला घालायचे धड कपडेच नव्हते, एकतर झालरी नाहीतर पुरुषांच्या कडक कोटाची नक्कल. अरमानींनी पुरुषांच्या सुटाचं कापड घेऊन बायकांसाठी मऊ जॅकेट शिवलं, ज्यात अधिकारही दिसतो आणि हातपायही हलवता येतात. कपड्यानं माणसाची रोजची अडचण खरंच सोडवली अशी उदाहरणं फॅशनच्या इतिहासात फार नाहीत, हे त्यातलं एक आहे असं मी ठामपणे म्हणेन.

पण जॅकेट चांगलं असून भागत नाही, ते हजारोंनी शिवून दुकानात पोचवणार कोण? इथे गालेओत्तींचं डोकं चाललं. 1978 मध्ये त्यांनी तुरिनच्या जीएफटी या मोठ्या कपडे उत्पादक कंपनीशी करार केला. डिझाईन अरमानींचं, नाव अरमानींचं, आणि कारखाना, शिवण, वितरण जीएफटीचं. यालाच लायसन्सिंग म्हणतात, म्हणजे मी तुला माझं नाव अमुक वस्तूवर अमुक वर्षं वापरायची परवानगी देतो, तू माल बनव आणि विक, आणि प्रत्येक विक्रीतला ठरलेला टक्का, म्हणजे रॉयल्टी, मला दे. बहुतेक करारांत कमीत कमी इतकी रक्कम द्यायचीच असंही लिहिलेलं असतं, माल खपो न खपो. डिझायनरचा फायदा उघड आहे, कारखाना उभारायला भांडवल लागत नाही, कर्ज घ्यावं लागत नाही, बाहेरचा पार्टनर लागत नाही. पैसे आले पण मालकी गेली नाही, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग 1980 ला 'अमेरिकन जिगोलो' आला, त्यात रिचर्ड गिअरचे कपडे अरमानींचे, आणि अमेरिकेत नाव एकदम घराघरात गेलं. 1982 मध्ये टाइम मासिकाच्या कव्हरवर. मधल्या काळात, 1981 ला, एम्पोरिओ अरमानी सुरू झालं होतं, त्याच नावाचा तरुणांसाठी स्वस्त ब्रँड, आणि 1991 मध्ये अमेरिकेत त्याहून स्वस्त अरमानी एक्सचेंज. परफ्यूम आणि मेकअपचं लायसन्स लॉरेआल या फ्रेंच सौंदर्यप्रसाधन कंपनीकडे, चष्म्यांचं 1988 मध्ये लक्झोटिका या चष्मे बनवणाऱ्या इटालियन कंपनीकडे. म्हणजे ज्याला सूट परवडत नाही तो चष्मा घेतो, ज्याला चष्मा जड जातो तो परफ्यूमची बाटली घेतो. 2005 ला अरमानी प्रिव्हे या नावानं अगदी वरचं कुतूर, म्हणजे एकेका गिऱ्हाइकाच्या मापानं शिवलेले महागडे कपडे, सुरू केलं जे मोजकेच लोक विकत घेतात, पण त्याचे फोटो जगभर जातात आणि त्या झगमगाटावर खालच्या बाटल्या खपतात. फॅशन हाऊसचा नफा अनेकदा असल्या छोट्या वस्तूंतून येतो हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं.

पण लायसन्सिंगमध्ये धोका असतो आणि तो नीट समजून घ्यायला पाहिजे. नाव कुणालाही दिलं की ते स्वस्त होतं. फ्रान्समधले डिझायनर पिएर कार्दाँ यांनी इतक्या वस्तूंना आपलं नाव दिलं की शेवटी त्या नावात काय विशेष आहे तेच लोकांना कळेना. त्याहून वाईट झालं अमेरिकेतल्या हॉल्स्टन यांचं, 1973 मध्ये त्यांनी कंपनी नावासकट विकली, आणि पुढे मालक बदलत गेले तसा त्यांना स्वतःच्याच नावानं कपडे डिझाईन करायचा हक्क राहिला नाही. स्वतःचं नाव, आणि ते वापरायला दुसऱ्याची परवानगी, विचार करा. गुच्ची घराण्याची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे, घरात भांडणं झाली आणि 1993 नंतर गुच्ची कंपनीत गुच्ची आडनावाच्या कुणाचाच हिस्सा उरला नाही. अरमानींनी हे सगळं होताना बघितलंय. त्यांनी परवाने दिले पण डिझाईनवर शेवटचा शब्द स्वतःचा ठेवला, आणि पैसा हाताशी आल्यावर काही ठिकाणी उलटी चाल खेळली, जी कामं परवान्यावर दिली होती ती परत आपल्याकडे घेतली, माल बनवणाऱ्या काही कंपन्या विकत घेतल्या. 2017 मध्ये तर खूप पसरलेले ब्रँड आवरून मुख्य तीनच ठेवायचं जाहीर केलं, जॉर्जो अरमानी, एम्पोरिओ आणि एक्सचेंज.

यातला सगळ्यात कठीण काळ 1985 चा. ऑगस्टमध्ये गालेओत्ती गेले, फक्त 40 वर्षांचे होते. हिशोब, करार, वाटाघाटी सगळं तेच बघायचे, अरमानी कागदावर रेघा मारायचे. अनेकांना वाटलं आता हा माणूस एकटा काही करू शकणार नाही, विकून मोकळा होईल. अरमानींनी पन्नाशीत बॅलन्स शीट वाचायला घेतली, आणि तिथून पुढची चाळीस वर्षं डिझायनरही तेच आणि कंपनीचे प्रमुखही तेच. हे दोन रोल एका माणसात असणं किती दुर्मिळ आहे! मोठ्या ब्रँडमध्ये साधारणपणे क्रिएटिव्ह डायरेक्टर वेगळा, सीईओ वेगळा, आणि मालक तिसराच कुणीतरी असतो जो दोघांनाही काढू शकतो. 1990 च्या दशकाच्या शेवटी एलव्हीएमएच (लुई व्हिटॉनची मालक फ्रेंच कंपनी) आणि गुच्ची या दोन्ही बड्या ग्रुपशी बोलणी झाली होती, पण व्यवहार झाला नाही.

दानधर्माचं बघायला गेलं तर यादी मोठी आहे. 2002 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेचे सदिच्छादूत झाले. एड्सविरुद्धच्या कामाला पैसा उभा करणाऱ्या 'रेड' या मोहिमेत 2006 मध्ये सुरुवातीलाच सामील झाले. 2010 च्या सुमारापासून ॲक्वा फॉर लाइफ, ज्यातून आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेत पिण्याच्या पाण्याची कामं होतात, आणि ते जोडलंय परफ्यूमच्या धंद्याशी. पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते 2020. फेब्रुवारीत मिलान फॅशन वीक चालू असताना उत्तर इटलीत कोविडचे पेशंट सापडायला लागले, आणि 23 तारखेला अरमानींनी आपला शो रिकाम्या थिएटरमध्ये केला, प्रेक्षकांना येऊच दिलं नाही, फक्त ऑनलाइन दाखवला. तेव्हा बाकीच्यांना ते जरा अतीच वाटलं असेल, दोन आठवड्यांत अख्खी इटली बंद झाली. मग मिलान आणि रोमच्या हॉस्पिटलांना आणि नागरी संरक्षण विभागाला आधी 12.5 लाख युरो दिले, पुढे रक्कम वाढवली, आणि मार्चअखेर इटलीतल्या आपल्या सगळ्या कारखान्यांत कपडे शिवणं थांबवून डॉक्टर-नर्ससाठी एकदाच वापरायचे गाऊन शिवायला घेतले. मालक एकच असण्याचा हा फायदा, शेअरहोल्डरची मीटिंग घ्यावी लागत नाही, पंचाऐंशी वर्षांचा म्हातारा सांगतो आणि मशीनवरचं काम बदलतं.

हे सगळं मनापासून कौतुकाचं, पण दुसरी बाजू सांगितली नाही तर लेख अर्धवट राहील. एप्रिल 2024 मध्ये मिलानच्या कोर्टानं जॉर्जो अरमानी ऑपरेशन्स या ग्रुपच्याच कंपनीवर न्यायालयीन प्रशासक नेमला. कारण काय, तर बॅगा शिवण्याचं काम ज्या कंत्राटदाराला दिलं होतं त्यानं ते पुढे पोटकंत्राटदारांना दिलं, आणि तिथे कामगारांना तासाला दोन-तीन युरोवर राबवलं जात होतं. तपासात आलेलं उदाहरण असं की एका बॅगेचे वर्कशॉपला 93 युरो मिळायचे, कंत्राटदार ती अरमानीला 250 ला द्यायचा, आणि दुकानात किंमत साधारण 1,800. कंपनीवर आरोप स्वतः पिळवणूक केल्याचा नव्हता, नीट लक्ष ठेवलं नाही असा होता, आणि सुधारणा केल्यावर फेब्रुवारी 2025 मध्ये प्रशासक मुदतीआधीच हटवला गेला. पण ऑगस्ट 2025 मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगानं 35 लाख युरोचा दंड लावलाच, आपण कामगारांची काळजी घेतो असं जे कंपनी जाहिरातीत सांगत होती ते दिशाभूल करणारं होतं म्हणून. कंपनीनं हे मान्य केलं नाही, अपील करणार म्हणाली. माझं मत विचाराल तर दूरच्या गावात विहीर बांधणं सोपं असतं, आपल्याच बॅगेचा धागा शेवटच्या शिलाई मशीनपर्यंत तपासणं कठीण असतं, आणि दानाचं मोजमाप करताना हे दुसरं आधी बघायला हवं.

आता मृत्युपत्र. फाउंडेशन म्हणजे काय तर अशी संस्था जिला मालक नसतो. तिच्याकडे संपत्ती असते, उद्देश लिहून ठेवलेला असतो, आणि विश्वस्तांनी त्या उद्देशानं ती चालवायची. तिला वारस नाहीत, त्यामुळे वाटण्या नाहीत, घटस्फोट नाहीत, भावाभावांची कोर्टकचेरी नाही. घड्याळवाली रोलेक्स अशाच फाउंडेशनच्या मालकीची आहे, तिच्या संस्थापकालाही मुलं नव्हती. अरमानींनी 2016 मध्ये फाउंडेशन काढलं तेव्हाच दोन कामं सांगितली होती, एक समाजकार्य आणि दोन कंपनीचा कारभार घालून दिलेल्या तत्त्वांनी चालू ठेवणं, म्हणजे कर्ज जपून, दुसऱ्या कंपन्या विकत घेताना सावध, नफा धंद्यात परत, वगैरे. कंपनीच्या नियमांत तर कपड्यांची स्टाईल कशी असावी तेही लिहिलंय, मोजकी, आधुनिक, भपका नसलेली. कायद्याच्या कागदात स्टाईल लिहिणारा दुसरा मालक मला तरी माहीत नाही.

मृत्युपत्रानुसार कंपनी फाउंडेशनकडे गेली, पण सरळ नाही. साधारण 10 टक्के पूर्णपणे, आणि उरलेल्या 90 टक्क्यांची नुसती मालकी, त्यावरचा उपभोगाचा हक्क जवळच्या माणसांना. घर मुलाच्या नावावर पण आईला तिथे तहहयात राहायचा हक्क, असं करतात ना, तोच प्रकार. यात मतांची विभागणी वेगळी आहे आणि खरा ताबा मतांत असतो. 40 टक्के मतं लिओ देल'ओर्को यांना, जे कित्येक दशकं अरमानींचे सहकारी आणि जोडीदार होते आणि पुरुषांच्या डिझाईनचं काम बघतात. 15 टक्के पुतणी सिल्वाना यांना, ज्या बायकांच्या कपड्यांचं डिझाईन सांभाळतात, 15 टक्के भाचे आंद्रेआ कामेराना यांना, आणि 30 टक्के फाउंडेशनला. बहीण रोझाना आणि दुसरी पुतणी रोबेर्ता यांनाही हिस्सा मिळाला पण मताशिवाय. म्हणजे देल'ओर्को आणि फाउंडेशन एकत्र आले की 70 टक्के, आणि घरातल्या कुणीही एकट्यानं काही अडवू शकत नाही.

आणि इथे सगळ्यांना धक्का बसला, कारण ज्यानं आयुष्यभर विकलं नाही त्यानं विकायच्या तारखा लिहून ठेवल्यात. 18 महिन्यांच्या आत 15 टक्के विकायचे, प्राधान्य एलव्हीएमएच, लॉरेआल किंवा एसिलोरलक्झोटिका (आधीची लक्झोटिका आता यातच आहे), नाहीतर त्याच तोडीची दुसरी कंपनी. मग मृत्यूनंतर तिसऱ्या ते पाचव्या वर्षादरम्यान त्याच खरेदीदाराला आणखी 30 ते 54.9 टक्के. हे जमलं नाही तर शेअर बाजारात नोंदणी. काहीही झालं तरी फाउंडेशनचा हिस्सा 30.1 टक्क्यांच्या खाली जायचा नाही.

मला हे आधीच्या आयुष्याशी विसंगत वाटत नाही. तीनपैकी दोन नावं बघा, लॉरेआलकडे परफ्यूमचं लायसन्स 2050 पर्यंत आहे आणि एसिलोरलक्झोटिकाकडे चष्म्यांचं 2037 पर्यंत, म्हणजे अरमानी हे नाव टिकावं यात त्यांचा स्वतःचा पैसा अडकलेला आहे. आधी 15 टक्केच दिल्यामुळे दोन-तीन वर्षं एकमेकांना जोखता येतं. आणि 30.1 चा आकडा असाच नाही आला, एवढा हिस्सा कायम फाउंडेशनकडे राहिला की नवीन मालक बहुमतात असला तरी फाउंडेशन टेबलावरून उठत नाही, आणि नफा वाटला जाईल तेव्हा त्यातला मोठा भाग समाजकार्याकडे वळायची वाट कायम उघडी राहते. आपल्यामागे आपल्यासारखा एकटा मालक कुणी होऊ शकणार नाही हे त्यांना कळलेलं होतं, म्हणून कधी आणि कुणाला विकायचं हे निदान स्वतः ठरवलं.

शेवटच्या महिन्यातली एक गोष्ट. ऑगस्ट 2025 मध्ये, गेले त्याच्या काही दिवस आधी, त्यांनी समुद्रकाठच्या फोर्ते दे मार्मी गावातला ला कापानीना हा जुना नाइटक्लब विकत घेतला. गालेओत्ती आणि ते पहिल्यांदा तिथेच भेटले होते असं सांगतात.

ऑक्टोबर 2025 मध्ये कंपनीतलेच जुने अधिकारी जुझेप्पे मार्सोच्ची सीईओ झाले, अरमानींनंतरचे पहिले. 15 टक्क्यांची मुदत मार्च 2027 मध्ये भरते. तेव्हा बातमी येईल ती किती अब्जांना व्यवहार झाला अशीच येईल, पण वाचताना दोन गोष्टी शोधा, खरेदीदाराला बोर्डावर किती जागा मिळाल्या आणि पुढच्या 54.9 टक्क्यांपर्यंतच्या हिश्शाची किंमत कशी ठरवायची हे आत्ताच लिहून घेतलंय का. कपडे कोण डिझाईन करणार आणि बॅगा कुठल्या वर्कशॉपमध्ये शिवल्या जाणार, दोन्ही त्यावर ठरेल.